तरवड: बांधावर लावावा कसा आणि घरात वापरावा कसा

घट बसायच्या दिवशी आमच्या गावच्या माळावर उजाडायच्या आत बायापोरं जमायची. परडी, पिशवी, नाहीतर नुसता पदर, जे हाताशी असेल त्यात तरवडाची पिवळी फुलं तोडून घ्यायची. घटावर रोज एक माळ चढते, म्हणजे नऊ दिवस रोज फुलं लागतात. तेव्हा माळ मोठा होता, तरवड रगड होता, कुणी कुणाला अडवत नव्हतं. आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या पठारावर, पाटोद्याच्या अंगाला. आज त्या माळाचा निम्मा भाग मुरमासाठी उकरून नेलाय, उरलेल्यात प्लॉट पडलेत आणि बांधावरचा तरवड तणनाशकाच्या फवाऱ्याखाली गेलाय. आता घटाची फुलं आणायला बायांना तीन-चार किलोमीटर चालावं लागतं, आणि जे झुडूप दिसेल ते ओरबाडून आणलं जातं.

म्हणून सात वर्षांपूर्वी मी माझ्या बरड रानाच्या बांधावर तरवड लावला. आपोआप उगवणारं झुडूप मुद्दाम लावायचं म्हणजे काय, असं घरच्यांनीच विचारलं होतं. पण माळावर आपोआप येणारी गोष्ट आपल्या हातानं आणायची झाली, की तिच्या बऱ्याच अडचणी कळतात. माझी पहिली दोन वर्षं त्यातच गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी झाड नीट ओळखा

पिवळ्या फुलांची, चिंचेसारख्या पानांची झुडपं आपल्याकडं बरीच आहेत. टाकळा, रानटाकळा, बागेतली शोभेची कॅसिया, औषधाची सोनामुखी ही सगळी तरवडाची भावकी. सोनामुखी तर रेचक आहे, तरवड समजून तिचा काढा घेतला तर पोटाची वाट लागेल. तेव्हा नुसतं पिवळं फूल पाहून तोडायला जाऊ नका. तरवडाच्या खुणा अशा.

पान जिथं फांदीला चिकटतं तिथं बघा. देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी गोलसर, हिरवी उपपर्णं असतात, आणि ती गळून पडत नाहीत. याच कानांवरून त्याचं शास्त्रीय नाव पडलंय: सेन्ना ऑरिक्युलाटा. जुन्या पुस्तकांत कॅसिया ऑरिक्युलाटा सापडेल, झाड तेच. दुसरी खूण: पानात पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या मधोमध एक बारीक उभी काडीसारखी ग्रंथी असते. पान डोळ्यांजवळ धरून उजेडात आडवं केलं की ती दिसते. तिसरी खूण शेंगेची. तरवडाची शेंग चपटी, कागदासारखी पातळ आणि बोटाएवढी लांब. वाळली की फिकट तपकिरी होते आणि वाऱ्यावर खुळखुळते. टाकळ्याची शेंग बारीक, लांब आणि वाकडी असते, त्यामुळे शेंग हातात आली की घोटाळा होत नाही.

फूलही एकदा जवळून बघून घ्या. पाच पाकळ्या, कडांना चुणीदार, आत केशरट शिरा. सकाळी आठच्या सुमाराला झुडपापाशी उभे राहा. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला सहा पायांनी आवळून धरतो आणि पंख न हलवता घुमतो. तो आवाज उडण्याच्या आवाजापेक्षा वेगळा, जरा चढ्या सुराचा असतो. तरवडाच्या फुलात मध नसतोच, फक्त पराग असतो, आणि तो परागकोशाच्या टोकाला असलेल्या बारीक भोकातूनच बाहेर येतो. भुंगा घुमला की फूल थरथरतं आणि पराग त्याच्या पोटावर सांडतो. आसपासचे भुंगे फवारणीनं मारले, तर झुडूप फुलानं लगडेल पण शेंगा धरायच्या नाहीत. बी तयार करायचं असेल तर हे ध्यानात ठेवा.

बी गोळा करणं

पावसाळा सरता सरता बहर येतो आणि त्याच्या शेंगा थंडीत पिकतात. आमच्याकडं पौष-माघात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत बी धरण्याजोगं होतं. हिरवी शेंग तोडू नका. पूर्ण वाळलेली, हलवल्यावर वाजणारी शेंगच घ्या. एकाच झुडपाच्या सगळ्या शेंगा न घेता आठ-दहा झुडपांवरून थोड्या थोड्या घ्या, म्हणजे माळावर पडायला बी उरतं आणि तुमच्या रोपांतही एकसारखेपणा येत नाही. झाडं वनखात्याच्या हद्दीत असतील तर परवानगीशिवाय हात लावू नका. आपल्या किंवा सोयऱ्याधायऱ्यांच्या बांधावरची झाडं पुरेशी असतात.

शेंगा गोणपाटावर घालून काठीनं हलके झोडा, सुपानं पाखडा. बियांना भुंगेरे लागतात, पुष्कळ बिया टोचलेल्या निघतात. बी पाण्यात टाका, वर तरंगेल ते फेकून द्या, बुडेल ते सावलीत सुकवा. काचेच्या बरणीत कडुनिंबाचा वाळला पाला घालून ठेवलं तर पुढच्या मृगापर्यंत टिकतं.

बियांचं कवच: सगळी मेख इथं आहे

पहिल्या वर्षी मी दोनशेच्या वर बिया तशाच पिशव्यांत लावल्या. उगवल्या अकरा. बी खोटं निघालं म्हणून मी नाराज झालो. पण जूनमध्ये लावलेल्या त्याच पिशव्यांतून पुढच्या पावसाळ्यात आणखी काही रोपं वर आली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तरवडाच्या बीचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरतच नाही. कोरडवाहू माळावर जगणाऱ्या झाडाची ही सोय आहे: एखादा पाऊस दगा देऊन गेला तरी सगळं बी एकदम उगवून मरत नाही, थोडं थोडं वर्षानुवर्षं मातीत राखीव राहतं. आपल्याला मात्र त्याचं कवच आधी मोकळं करावं लागतं.

पाणी खळखळ उकळा, चूल बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. बी एका भांड्यात घेऊन त्याच्या पाचपट पाणी वरून ओता आणि रात्रभर तसंच राहू द्या. बी पाण्यात घालून उकळायचं नाही, तसं केलं तर आतला अंकुरच शिजतो. सकाळी पाहिलं की काही बिया फुगून दुप्पट झालेल्या दिसतील, काही होत्या तशाच कडक. फुगलेल्या त्याच दिवशी लावायच्या. कडक राहिलेल्यांना पुन्हा एकदा गरम पाण्याची अंघोळ घालायची. थोडंच बी असेल तर आणखी सोपं: पॉलिश पेपरवर किंवा खडबडीत दगडावर बीची एक बाजू किंचित घासायची, चकाकी गेली की पुरे, आणि मग साध्या पाण्यात रात्रभर भिजवायचं. रोपवाटिकांत गंधकाम्ल वापरतात, ते घरी करण्याच्या फंदात पडू नका.

पिशवी की टोकण

दोन्ही जमतं. एखाद्या ठिकाणी पाच-दहाच झाडं हवी असतील तर पिशवी बरी. दोन भाग लाल किंवा मुरमाड माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. निव्वळ काळी माती भरू नका. दुसऱ्या वर्षी माझी साठेक रोपं बोटभर वाढून बुडाशी कुजली ती काळ्या मातीमुळं आणि माझ्या रोज पाणी घालायच्या हौसेमुळं. मिरचीच्या रोपासारखी माया या रोपाला सोसत नाही. पिशवीला खाली चार-पाच भोकं पाडा, बी नखभर खोल लावा, वरची माती हाताला कोरडी लागली तरच पाणी द्या. आठवडा ते पंधरा दिवसांत उगवण होते. एप्रिलअखेर बी लावलं तर पाऊस लागेपर्यंत रोप वीतभर होतं आणि तेच वय लावायला नामी. तरवडाचं सोटमूळ झटकन खाली जातं. ते पिशवीच्या भोकातून बाहेर येऊन जमिनीत घुसलं, आणि मग तुम्ही पिशवी उचलली, की मूळ तुटतं आणि रोप महिनाभर रुसून बसतं.

लांब बांध भरायचा असेल तर टोकणच करा. मृगाचा एक चांगला पाऊस होऊन वीतभर ओल गेली की कवच मोडलेलं बी एका जागी तीन-चार याप्रमाणे टोकायचं. कुंपण करायचं तर दीड-दोन फुटांवर, फुलांसाठी मोकळी झुडपं हवीत तर चार-पाच फुटांवर. उगवल्यावर एका जागी एकच जोमदार रोप राखायचं.

जागा निवडताना आपली नेहमीची दृष्टी उलटी करा. जिथं सोयाबीन पिवळं पडतं, ज्वारी गुडघ्याच्या वर जात नाही, कुळव मुरमाला लागून वाजतो, ती जागा तरवडाची. मुरूम चालतो, चुनखड चालते, ऊन तर पूर्ण दिवसाचं हवं. सावलीत झाड लांबट होतं आणि फूल धरत नाही. पाणी तुंबणारी सखल काळी जमीन तेवढी टाळा. मराठवाड्यात पाऊस सरासरी सातशे मिलीमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातही महिना-महिना उघडीप असते. तरवडाला तेवढं बस होतं. पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा तांब्याभर पाणी दिलं तर रोप सुखानं तरतं, दुसऱ्या उन्हाळ्यापासून तेही नको.

आमच्या भागात ही गोष्ट फार मोलाची आहे. दसरा-दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या पुढंमागं परततात. सहा महिने पाणी घालायला कुणी नसताना जगणारं, आणि शेळ्यांनी सहसा तोंड न लावणारं असं झाड दुसरं शोधून दाखवा. माळावर मेंढ्या-शेळ्या सगळं खुडून नेतात आणि तरवड तेवढा हिरवा उभा असतो, तो यामुळंच.

राखण आणि छाटणी

खत लागत नाही. आळं करायचं तर पहिल्या वर्षापुरतं. पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. त्यातून पुढं फिकट पिवळसर-पांढरी फुलपाखरं निघतात. अळ्या पाला खातात, झुडूप दहा-पंधरा दिवस बोडकं दिसतं आणि परत फुटतं. ज्याची फुलं घरात वापरायची त्यावर कसलाही फवारा मारायचा नाही, ही माझी अट आहे. शेजारच्या कापसावर फवारणी होत असेल तर त्या बाजूच्या दोन-तीन झुडपांची फुलं फक्त माळेला वापरा, पोटात किंवा अंगाला नकोत.

फूल फांदीच्या शेंड्याकडं येतं, म्हणून शेंडे जितके जास्त तितकी फुलं जास्त. शेंगा उतरल्या की फाल्गुनात झुडूप दीड फुटावर धारदार कोयत्यानं छाटा. पहिला पाऊस पडला की बुडातून आठ-दहा धुमारे फुटतात. माझ्या झुडपांना पहिलं फूल दुसऱ्या पावसाळ्यात आलं, भरघोस बहर तिसऱ्या वर्षी. छाटलेला पाला जाळू नका. तरवडाचा पाला हिरवळीचं खत म्हणून जुन्या काळापासून वापरात आहे, चोपण जमिनीतही तो गाडतात. मी तो मोसंबीच्या बुडाशी पसरतो.

फुलं तोडणं, वाळवणं

दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत तोडा. ओलं फूल डब्यात काळं पडतं. पूर्ण उमललेली फुलं आणि टपोऱ्या कळ्या घ्या, प्रत्येक झुडपावर तिसरा हिस्सा सोडून द्या. घरी आणल्यावर सुती कापडावर पसरून अर्धा तास ठेवा, म्हणजे किडे-मुंग्या आपणहून निघून जातात.

वाळवण सावलीत. माळवदावर उन्हात घातली तर दोन दिवसांत वाळतात खरी, पण रंग उडून गवतासारखी होतात. मी बाजेवर धोतराचं जुनं पान अंथरून पडवीत ठेवतो, खालून-वरून वारा लागतो. चार-सहा दिवसांत पाकळी चुरचुरते. देठाच्या गाठीत ओल राहते, म्हणून एक फूल नखानं मोडून बघा. कटकन मोडलं तर बरणीत भरा, वाकलं तर अजून दोन दिवस. पाटीभर फुलांची वाळून दोन-तीन ओंजळीच होतात, तेव्हा त्या हिशेबानंच तोडा. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवा. पुढच्या बहरापर्यंत संपवा.

अंगाला लावायचे उपयोग

माझ्या मते तरवडाचा खरा उपयोग इथं आहे, आणि इथं हात सैल सोडायला हरकत नाही. वाळलेल्या फुलांचं वस्त्रगाळ चूर्ण दोन चमचे, हरभरा डाळीचं पीठ दोन चमचे, दही लागेल तेवढं. उटण्यासारखं लावून, पूर्ण सुकायच्या आत धुवायचं. तरवड तुरट आहे, सुकू दिलं तर कातडी ओढल्यासारखी होते. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा.

केसांसाठी मूठभर फुलं आणि तेवढाच पाला तांब्याभर गरम पाण्यात रात्रभर ठेवायचा, सकाळी गाळून त्या पाण्यानं शिकेकाईनंतर केस खळबळून घ्यायचे.

मुका मार लागला, पाय मुरगळला की आजी तव्यावर तरवडाचा पाला गरम करून फडक्यात बांधायची. शेकानं ठणका कमी व्हायचा. पण सूज वाढत असेल, पाय टेकवत नसेल, तर पाल्यात वेळ न घालवता एक्स-रे काढा. काडीचं दातवण आजही माझं आठवड्यातून दोनदा असतं. करंगळीएवढी ताजी काडी, टोक चावून कुंचा करायचा. हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात.

हा तुरटपणा सालीत सगळ्यात जास्त. बाभळीची साल, हिरडा यांच्याबरोबर तरवडाची साल कातडी कमवायला वापरली जायची, आणि विहिरीवरच्या चामड्याच्या मोटा त्याच कातड्याच्या. सालीसाठी झाड सोलू नका. भोवतीनं साल गेली की फांदी वाळते, आणि घरच्या वापराला फुलं-पाला पुरेसे आहेत.

पोटात घ्यायचं असेल तर

इथं मात्र मी सावकाश लिहितो, कारण आमच्या भावकीतलंच उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तरवडाला संस्कृतात आवर्तकी म्हणतात. आयुर्वेदात प्रमेहावर (मधुमेहासारख्या विकारांवर) त्याचं पंचांग, म्हणजे मूळ, साल, पान, फूल आणि फळ, वापरलं जातं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत रक्तातली साखर उतरल्याच्या नोंदीही आहेत. एवढं कानावर पडलं आणि आमच्या एका चुलत्यांनी साखरेची गोळी बंद करून दोन वेळा तरवडाचा काढा सुरू केला. पाच आठवड्यांनी चक्कर येऊन शेतात पडले. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर चारशेच्या वर होती. वाचले, पण पायाची जखम भरायला चार महिने लागले. काढा गोळीची जागा घेत नाही. उलट गोळी चालू असताना वरून काढा घेतला तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते. घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून, साखर मोजत घ्या.

दुसरी बाब यकृताची. श्रीलंकेत तरवडाला रणवरा म्हणतात आणि त्याचा चहा तिथं घरोघरी पितात. तिथल्याच संशोधकांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, यकृताला अपाय करू शकणारी पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स ज्या देशी वनस्पतींत आढळली, त्यांत तरवडाचंही नाव होतं. म्हणून रोजचा चहा म्हणून हे पेय मी कुणाला सुचवत नाही. कधीतरी, महिन्यात दोन-चार वेळा, एक कप पाण्यात एक लहान चमचा वाळलेली फुलं तीन-चार मिनिटं उकळून, गाळून, हवा तर गूळ घालून प्यावा. रंग सोनेरी येतो, चव किंचित तुरट. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, लहान मुलं, कावीळ किंवा यकृताचा आजार असलेले यांनी अजिबात घेऊ नये. फिट येऊ नये म्हणून कार्बामाझेपिनच्या गोळ्या चालू असतील त्यांनीही नाही. उंदरांवरच्या प्रयोगात तरवडाच्या चहामुळं त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढलेलं आढळलंय.

डोळे आले की फुलांचं पाणी डोळ्यांत सोडायची जुनी रीत आहे. ती सोडून द्या. घरात गाळलेलं पाणी निर्जंतुक नसतं, आणि डोळा एकदा गेला की परत मिळत नाही.

बाजारात तरवडाच्या नावानं चूर्ण मिळतं. मी एकदा तालुक्याच्या बाजारातून आणलं होतं, त्यात निम्मा काड्या-पानांचा भुगा होता आणि कशाची पानं ते ओळखू येत नव्हतं. चूर्ण झालं की कान, ग्रंथी, शेंग या सगळ्या खुणा संपतात. घ्यायचीच असतील तर अख्खी वाळलेली फुलं घ्या.

घटाची माळ

तरवडाचं फूल तोडल्यावर लवकर मलूल होतं आणि सुई देठाऐवजी पाकळीतून गेली तर फूल गळतं. सुई फुलाच्या खालच्या हिरव्या गाठीतून घाला, दोन फुलांमागं एक टपोरी कळी ओवा. कळ्या माळेतच उमलतात आणि संध्याकाळपर्यंत माळ भरलेली दिसते. मधे मधे कारळ्याची फुलं घातली की पिवळ्यात पिवळं खुलून येतं. नांदेडकडं, देगलूर-धर्माबादच्या पलीकडं तेलंगणात याच फुलाला तंगेडु म्हणतात. ते त्या राज्याचं राज्यफूल आहे, आणि याच दिवसांत तिथल्या बाया त्याची बतुकम्मा, म्हणजे देवीसाठी फुलांचा थरावर थर मनोरा, रचतात.

माझ्या बांधावर आता चाळीसेक झुडपं आहेत. घट बसायच्या दिवशी शेजारच्या वस्तीवरच्या बाया तिथूनच फुलं नेतात. तोडायला येणारीला मी एकच सांगतो, फांदी ओढू नका, फूल खुडा. ज्यांना स्वतःच्या बांधावर लावायचं असतं त्यांना कागदाच्या पुडीत बी देतो, आणि पुडीवर पेननं लिहितो: उकळून उतरवलेलं पाणी, दोन-तीन मिनिटं थांबून, रात्रभर. घट उठले की नऊही माळा सोडवून दोरा वेगळा करतो आणि वाळलेली फुलं त्याच झुडपांच्या बुडाशी नेऊन टाकतो.